बाक उचलायला बाप, गोष्ट सांगायला साहेब

पोरीच्या डायरीत चिठ्ठी चिकटवून आली. छापील, इंग्रजीत. पोरगी दुसरीत. मी मॅट्रिक, इंग्रजी अक्षराला अक्षर लावून वाचतो. मतलब असा होता की वर्गाला पालक स्वयंसेवक पाहिजेत. त्याला तिकडं ‘क्लास पेरेंट’ म्हणतात. वर्गात येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवा, चित्रं काढून घ्या, सहलीला बरोबर चला, आपल्या कामाची माहिती सांगा. खाली चौकटी. नाव. धंदा. मुलांसाठी काय करू शकाल?

धंद्याच्या चौकटीत मी लिहिलं, गोदी कामगार. शेवटच्या चौकटीत लिहिलं, अर्धा तास द्या, जहाज कसं रिकामं होतं ते सांगतो.

दोस्तहो, माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. वीस टनांची पोलादाची गुंडाळी जहाजाच्या पोटातून वर येते तेव्हा खालच्या माणसानं नजर कुठं ठेवायची. आवाज पोचत नाही तिथं क्रेनवाल्याशी नुसत्या हातानं कसं बोलायचं. भरती-ओहोटीचा टाईम का पाळायचा. लोखंड पाण्यात टाकलं की बुडतं, मग लोखंडाचं जहाज का बुडत नाही. ताटातली तूरडाळ म्यानमार, मोझांबिकहून कशी येते. हे त्या शाळेतल्या कुठल्या पुस्तकात आहे? मी चार रात्री पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर टिपणं काढली. बायको म्हणाली, कविता लिहिताना एवढा घाम येत नाही तुला.

फोन आला. शनिवारी आठ वाजता या. मी खाडा केला. ठेकेदाराच्या टोळीत खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा गेला, वर मुकादमाची बोलणी. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. गेटवर वॉचमनकडं यादी होती. माझ्या नावापुढं खूण केली आणि म्हणाला, दुसरा माला. दुसऱ्या मजल्यावर एक सुपरवायझर उभा होता. म्हणाला, ये सब बेंच नीचे ग्राउंड में.

आम्ही चार बाप. एक रिक्षा चालवतो, एक ठेक्यावर सफाईला आहे, एक बिगारी, एक मी. बाकं उतरवता उतरवता बोलणं निघालं तेव्हा कळलं, चौघांचीही पोरं पंचवीस टक्क्यांतली. म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळेत ज्या जागा राखल्यात, त्या जागांवर सोडतीत नंबर लागून आलेली.

आणि खालच्या मजल्यावर वर्ग चालू होता. पोरीचाच. दार उघडं. एक बाई मुलांना गोष्ट वाचून दाखवत होत्या. त्यांच्यानंतर एक साहेब, कॉम्प्युटरवाले, बाटलीत सोडा टाकून फुगा फुगवून दाखवत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. मी दारावरून गेलो तेव्हा माझ्या डोक्यावर बाक होतं. पोरीनं मला बघितलं. मी तिला बघितलं. तिनं मान खाली घातली.

मी डोक्यावर ओझं घ्यायला लाजत नाही. ओझ्यावर घर चालतं माझं. पण त्या वर्गात कुणाचा बाप शिकवायला आणि कुणाचा बाप हमालीला, हे सात वर्षांच्या तीस-पस्तीस पोरांना त्या सकाळी कुणी न शिकवता समजलं. फळ्यावर लिहायची गरज पडली नाही.

आता सांगतो, कुणी अपमान केला नाही. सगळे गोड बोलले. थँक्यू म्हणाले. एकेक समोसा दिला. कुणी जात विचारली नाही. कशाला विचारतील? धंद्याच्या चौकटीत सगळं लिहून घेतलेलं होतं.

रात्री पोरगी म्हणाली, पप्पा, तू जहाजाचं सांगणार होतास ना? मी म्हटलं, पुढल्या वेळी. बायको भांडी विसळत होती. ती म्हणाली, बाकं उचलायचीच होती तर मजुरी घ्यायची.

माझ्या बायकोनं एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला मला हा लेख लिहावा लागतोय.

फुकट कामाला आपल्याकडं जुना शब्द आहे. वेठ. स्वयंसेवा हा शब्द ज्याच्या पोटात अन्न आणि हातात रिकामा वेळ आहे त्याचा. त्यानं वेळ दिला की त्याचं नाव होतं. आपण वेळ दिला की आपली पाळी जाते आणि नावही होत नाही. गावात महार होता तेव्हा तोही ‘सेवा’च करत होता. सरकारी टपाल ने, मेलेलं ढोर ओढ, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, सांगावा घेऊन दहा कोस जा. मोबदला काय, तर तुकडाभर वतनी जमीन आणि दारोदारची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणलं. आपलेच काही म्हातारे तेव्हा म्हणत होते, वतन गेलं तर मान जाईल. वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. आणि आता शाळेच्या गेटवर आपल्याला पुन्हा सेवेला बोलावतात, आणि आपण इस्त्रीचा शर्ट घालून जातो. बोलावलं म्हणून खूश होऊन जातो. मी गेलो की.

मग काय, जायचंच नाही? शाळेचं तोंड बघायचं नाही? थांबा. इथंच आपली पोरं चुकतात. बहिष्कार टाकून मोकळे होतात.

शाळेच्या दारात उभं राहायला आपल्याला किती वर्षं लागली ते आठवा. जून १८५६. धारवाडच्या एका महार पोरानं सरकारला अर्ज केला की मी फी द्यायला तयार आहे आणि सरकारी शाळा मला आत घेत नाही. मुंबई सरकारनं उत्तरात कबूल केलं की न्याय पोराच्या बाजूला आहे. पण शाळेचं दार उघडलं नाही. शतकांचे समज एकदम मोडता येत नाहीत म्हणे. त्याच्या आठ वर्षं आधी, १८४८ साली, पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली ती असल्या सरकारची वाट न बघता. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी हिशेबच मांडला. पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या जातींच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या, अशी मागणी केली. लक्षात घ्या, जोतिराव कमिशनपुढं हिशेब घेऊन गेले. वाढदिवसाचा केक घेऊन नव्हे.

आणि बाप कसा असतो ते बघायचं तर रामजी सुभेदार बघा. साताऱ्याच्या शाळेत भिवा घरून नेलेल्या गोणपाटावर बसत होता. शिपाई नसला तर पाणी नव्हतं. पुढं परळच्या चाळीत एका खोलीत सगळं घर. पोरानं लवकर झोपावं आणि रात्री दोनला उठून अभ्यास करावा म्हणून बाप दोनपर्यंत जागा राहायचा आणि मग त्याला उठवायचा. पुस्तकासाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा. त्या बापाला कुठल्या शाळेनं ‘क्लास पेरेंट’ म्हणून बोलावलं नसतं. वर्गाबाहेरून त्यानं वर्ग चालवला.

म्हणून ‘झोपडपट्टीतल्या आईबापांना शिक्षणाची आस्था नाही’ हे जे पांढरपेशे तोंड वर करून बोलतात, त्यांना विचारा की पालकसभा किती वाजता असते? दहाला. आठला पाळी लागलेली असते. धुणीभांडी करणारी बाई दहाला तिसऱ्या घरी असते. तीन वेळा गैरहजर लागली की शेरा तयार, पालक उदासीन. अरे, सभा संध्याकाळी सातला ठेवा, मग बघा उदासीन कोण ते. तेव्हा तुम्हीच येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ वाचा. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद आईबाप पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकातल्या पोरांच्या आईबापांना प्रमाणात जागा पाहिजे. काम काय? शाळेच्या कारभारावर देखरेख. शाळेचा विकास आराखडा करणं. आलेला पैसा कुठं गेला ते बघणं. कलम २१ मध्ये समोसा नाही, तोरण नाही, बाकं उचलणं नाही. देखरेख आहे! शतकानुशतकं ज्याच्यावर सगळ्यांनी देखरेख केली त्याला कायदा म्हणतोय की आता तू बघ.

आणि वस्तीत काय चाललंय? माझ्या शेजारची ताई चार घरची कामं करते. पोरगा महापालिकेच्या शाळेत चौथीत. ती वर्षभर त्या समितीची सभासद होती आणि तिला ते माहीतच नव्हतं. पोराला सोडायला गेली की गेटवर शिपाई रजिस्टर पुढं करायचा, ताई, इथं सही करा. ती करायची. तिला वाटायचं, पोर पोचल्याची सही. ती होती बैठकीची हजेरी. न झालेल्या बैठकीची. ताईच्या सहीनं ठराव पास होत होते आणि ताई लोकांच्या मोऱ्या घासत होती. हे कळलं तेव्हा ती म्हणाली, भाऊ, म्हणजे मी मोठी बाई होते की!

हसू नका. राखीव जागेवरच्या सरपंचाचं जे होतं तेच हे. खुर्ची दिली, बसू दिलं नाही.

खाजगी विनाअनुदानित शाळा तर या कलम २१ मधून बाहेरच ठेवल्यात. आपली पोरं तिथं पंचवीस टक्क्यांत घ्यायची, पण आईबाप कारभारात नकोत. ते पंचवीस टक्केही डोळ्यांत सलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे मुंबईत जवळजवळ सगळ्यांना सूट! जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो नियम फेकून दिला म्हणून आपल्या पोरांच्या जागा वाचल्या. तरी खाजगी शाळांतही एक दार आहे. महाराष्ट्राचा फीचा कायदा, २०११ चा. त्यात पालक-शिक्षक संघ आहे आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. त्यात बायांना जागा, मागासांनाही जागा. फी ठरवताना या समितीला विचारावं लागतं. तुमच्या पोराच्या शाळेत ही सोडत झालेली तुम्ही कधी बघितली? मी विचारलं तर म्हणाले, कमिटी ऑलरेडी फॉर्म झालीय. चिठ्ठ्या कधी टाकल्या? गप्प.

आता सरकारकडं बघा. सरकारलाही स्वयंसेवक पाहिजेत. ‘विद्यांजली’ नावाची योजना केंद्राची, २०१६ ची, २०२१ मध्ये पुन्हा नव्यानं आणलेली. या, शाळेत सेवा द्या, वस्तू द्या. इकडं राज्यानं २०२३ मध्ये शाळा कंपन्यांना दत्तक द्यायचं काढलं. शाळा काय अनाथ आहे? बाप जिवंत असताना दत्तक देतात का पोर? शिक्षकाची जागा रिकामी आहे तर शिक्षक भरा. पगार द्या. रिकाम्या जागेवर स्वयंसेवक उभा करायचा म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवायची आणि छपराचे पैसे खायचे.

यावर काही शिक्षकमित्र म्हणतील की आईबाप वर्गात घुसले तर आम्ही शिकवायचं कसं? त्यांचं एक खरं आहे. त्यांनाही निवडणुकीच्या याद्या, जनगणना, ह्या ॲपवर फोटो, त्या ॲपवर माहिती, असं राबवून घेतात. कित्येक जण आमच्यासारखेच ठेक्यावर. मास्तर, आम्ही तुमचे वैरी नाही. तुम्ही खडू हातात धरा, आम्ही आडवे येणार नाही. पण खडूचा पैसा कुठं गेला, पाणी का नाही, खिचडीत अळ्या कुठून आल्या आणि माझ्या पोराला शेवटच्या बाकावर का बसवलं, हे आम्ही विचारणार. आणि ते विचारताना तुम्ही आमच्या बाजूला उभे राहिलात तर तुमचंही भलं होईल.

खिचडीवरनं आठवलं. डिसेंबर २०२१, उत्तराखंड, चंपावत जिल्हा. सरकारी शाळेत दलित बाईनं रांधलं म्हणून सवर्ण पोरं जेवायला बसेनात. आणि बाईलाच काढलं. बोंब झाली तेव्हा परत घेतलं. ती पोरं आईच्या पोटातून विटाळ शिकून आली होती का? घरी शिकली. म्हणजे त्यांचेही आईबाप वर्गात येतातच. न बोलावता येतात, पोरांच्या तोंडून बोलतात. आपण गेलो नाही तर वर्गात फक्त तेच उरतात.

आता थोडं आपल्या घरात बघू. चौदा एप्रिलला आपण फ्लेक्स लावतो, डीजे आणतो, वर्गणी काढतो. त्याच गल्लीतल्या शाळेची समिती निवडायची सभा असते तेव्हा गल्लीतला एक तरुण तिथं दिसत नाही. ‘शिका’ हा शब्द टी-शर्टवर आहे. शाळेत काय शिकवतात हे बघायला कुणी जात नाही. आणि आपल्यातले जे साहेब झाले, त्यांची पोरं मोठ्या शाळेत. तिथं ते बरोबर ‘क्लास पेरेंट’ होतात, गोष्ट वाचतात, आडनाव मात्र जपून उच्चारतात. त्यांच्याबद्दल राग आहे पण आज त्यांच्यावर शाई घालवत नाही.

दुसऱ्यांदा चिठ्ठी आली तेव्हा मी काय केलं ते सांगतो. वार्षिक दिन, मंडप, सतरंज्या. मी कळवलं, येणार नाही, पाळी आहे. आणि लेखी अर्ज केला. मराठीत. दोन मागण्या. एक, इतर पालकांना मिळतो तसा मला वर्गात अर्धा तास मिळावा. दोन, पालक-शिक्षक संघाच्या समितीची सोडत कधी झाली त्याची तारीख द्यावी. दोन प्रती काढल्या. एकीवर आवकचा शिक्का मागितला. क्लार्क म्हणाला, अहो, एवढ्याशा गोष्टीला शिक्का कशाला? मी म्हटलं, एवढीशीच आहे तर मारा ना. मारला.

दीड महिना गेला. तीन खेटे घातले. शेवटी अर्धा तास मिळाला, त्यातली दहा मिनिटं प्रार्थनेत गेली. वीस मिनिटं मी त्या वर्गात उभा होतो. फळ्यावर जहाज काढलं. पोटात गुंडाळ्या काढल्या, वर क्रेन काढली. पोरांना क्रेनवाल्याच्या खुणा शिकवल्या. उचल, थांब, हळू, सोड. सगळा वर्ग हात वर करून खुणा करत होता, बँकवाल्याची पोरगी, रिक्षावाल्याचा पोरगा, सगळे. एकानं विचारलं, अंकल, माल पडला तर? मी म्हटलं, खालचा माणूस मरतो. वर्ग गप्प झाला. टीचर चुळबुळल्या. मला वाटतं त्या दिवशी त्या पोरांना पहिल्यांदा कळलं की माल आपोआप येत नाही.

माझी पोरगी पहिल्या बाकावर येऊन बसली होती. तिची जागा मागं आहे.

याला मी क्रांती म्हणत नाही. सोडतीच्या तारखेचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरा अर्ज टाकलाय. आणि बाकं उचलायला यंदा दुसरे चार बाप बोलावले असतील. त्या चौघांना शोधायचंय मला. ते तुमच्या वस्तीत असतील. त्यांना सांगा.

त्यांना सांगा की शाळेनं बोलावलं तर जा. पण आधी विचारा, कशाला? सगळ्या आईबापांनी बाकं उचलायची असतील तर आम्हीही उचलू, कॉम्प्युटरवाला साहेब एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला. फक्त आम्हीच उचलायची असतील तर मजुरी ठरवा. गेटवरच्या रजिस्टरवर वाचल्याबिगर सही करू नका. वाचता येत नसेल तर पोराकडनं वाचून घ्या, त्यासाठीच शिकवतोय त्याला. समितीची बैठक महिन्याला लागते, मागची कधी झाली ते विचारा. महापालिकेच्या शाळेचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्यानं, मागा. सभा पाळी सुटल्यावर ठेवा म्हणून दहा जणांच्या सहीचा अर्ज द्या. एकटे जाऊ नका. शेजारच्या ताईला घेऊन जा. ती आता दर महिन्याला जाते. मागच्या वेळी तिनं विचारलं, मुतारीला दार बसवायचे पैसे आले होते ते कुणाच्या घराच्या दाराला लागले? शाळेला तिची सवय नाही अजून. होईल.

धारवाडच्या त्या पोराचा अर्ज १८५६ चा. तो पोरगा कधीच मेला. अर्ज जिवंत आहे. त्याच्याखाली आपापली सही करा.

जय भीम.